निकालाआधीच सरकारजमा

कायद्याच्या पुस्तकात गाडी सरकारजमा करण्याचा हुकूम खटल्याच्या अगदी शेवटी येतो. आरोपी दोषी ठरतो, गाडी गुन्ह्यात वापरली गेल्याचं सिद्ध होतं, मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग न्यायाधीश निकालपत्राच्या अखेरीला मुद्देमालाविषयी चार ओळी लिहितात. प्रत्यक्षात तो हुकूम त्याच्या कितीतरी आधी, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच अमलात आलेला असतो. कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यामागे एक चक्कर मारली की हे दिसतं. रिमपर्यंत मातीत रुतलेले टेम्पो, केबिनमधून एरंड उगवलेले ट्रक, उंदरांनी सीट कुरतडलेल्या मोटारसायकली आणि बोनेटवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला गुन्हा रजिस्टर नंबर. बॅटरी केव्हाच गेलेली असते. कुठे गेली, हे विचारायचं नसतं.

यांतल्या काही गाड्यांचे खटले अजून उभेही राहिलेले नसतात. काहींतले आरोपी निर्दोष सुटलेले असतात, पण मालक गाडी न्यायला फिरकलेला नसतो, कारण ती ओढून नेण्याचा आणि रस्त्यावर आणण्याचा खर्च आता तिच्या किमतीहून जास्त झालेला असतो. न्यायालयाने काहीच ठरवलेलं नसताना मालमत्ता गेली आणि ती धड कोणाला मिळालीही नाही. सरकारच्या वाट्याला भंगाराचा भाव, फायनान्स कंपनीच्या वाट्याला थकबाकी, मालकाच्या वाट्याला काहीच नाही. माझं म्हणणं असं आहे की गाडी सरकारजमा करणं अवघड असलं पाहिजे आणि ती करायची की नाही याचा निर्णय लवकर लागला पाहिजे. आपल्याकडे हे नेमकं उलटं झालं आहे. गाडी हातची सहज जाते, आणि ती जायला हवी होती का, हे ठरायला वर्षं लागतात.

गाडी पकडल्यावर काय होतं, ते आधी पाहू. पोलीस पंचनामा करतात आणि जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मालक वकिलामार्फत मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज देतो. १ जुलै २०२४ पासून हा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली जातो. त्याआधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ किंवा ४५७ खाली जायचा. न्यायालय अर्जावर सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. सरकारी वकील प्रत तपासी अंमलदाराकडे धाडतात. अंमलदार बंदोबस्तावर असला तर पुढची तारीख. से आला की त्यातला मजकूर बहुधा ठरलेला असतो: गाडी परत दिल्यास अर्जदार तिची विल्हेवाट लावील, तिच्या रंगरूपात बदल करील, तिचा पुन्हा तशाच गुन्ह्यासाठी वापर होईल, सबब अर्ज नामंजूर व्हावा. यात त्या विशिष्ट गाडीबद्दल एक शब्द नसतो. गाडीतल्या डागांची रासायनिक तपासणी बाकी आहे का, साक्षीदाराने गाडी ओळखायची आहे का, मालक स्वतः आरोपी आहे की नाही, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. मग आरसी बुक, विमा, बंधपत्र, एखादा जामीनदार, आणि ‘विकणार नाही, रंग बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन’ अशा अटींचा सुपुर्दनामा. सगळं सुरळीत झालं तर गाडी काही दिवसांत सुटते. खरा प्रश्न सुरळीत न झालेल्यांचा आहे.

समजा, एकाने कर्ज काढून मालवाहू ट्रक घेतला आहे आणि महिन्याचा हप्ता ४० हजारांचा आहे. ट्रक सहा महिने ठाण्यात उभा राहिला तर २ लाख ४० हजारांचे हप्ते थकतात, वर दंडव्याज. सहा महिन्यांची भाडी बुडतात, ती वेगळीच. दरम्यान विम्याची मुदत संपते, फिटनेस संपतो, एका जागी उभ्या राहिलेल्या टायरांना चिरा पडतात. हा माणूस पुढे निर्दोष सुटला काय किंवा मुळात आरोपीच नसला काय, हिशेबात एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणून मला वाटतं, वाहनाच्या बाबतीत खरा निकाल म्हणजे तात्पुरत्या ताब्याचा हुकूम. अंतिम निकालात मुद्देमालाबद्दल काय लिहिलं जातं, याला तोवर फारसा अर्थ उरलेला नसतो. आणि हा खरा निकाल आपल्या न्यायव्यवस्थेतल्या सर्वांत घाईच्या, सर्वांत कमी विचाराच्या कागदांपैकी एक आहे.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळलेलं नाही, असं म्हणता येणार नाही. १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काहीही साधत नाही. योग्य ते बंधपत्र, हमी आणि तारण घेऊन दंडाधिकाऱ्यांनी ताबडतोब हुकूम करावा, सविस्तर पंचनामा आणि छायाचित्रं पुरावा म्हणून पुरेशी मानावीत, आणि मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना याहून जास्त काळ राहू नये. देशभरातल्या वकिलांच्या अर्जांत हा निकाल आजही पहिल्या परिच्छेदात येतो. तो ज्या प्रकरणातून निघाला, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिथे दाद मागायला आलेले लोक गाडीमालक नव्हते, गुजरातमधले पोलीस होते. ठाण्यात ठेवलेला मुद्देमाल बदलून त्या जागी बनावट वस्तू ठेवल्या, रक्कम हडप केली, जप्त मालाचा परस्पर लिलाव केला, असे आरोप त्यांच्यावर होते. म्हणजे मुद्देमाल लवकर परत द्या, हे तत्त्व मालकांविषयीच्या कळवळ्यातून जेवढं आलं, तेवढंच राखणदारांवरच्या अविश्वासातूनही आलं. मला तो पाया जास्त भक्कम वाटतो. कळवळा प्रकरणागणिक बदलतो, अविश्वासाला निदान कारण तरी द्यावं लागतं.

पण त्याच न्यायालयाने दोनच वर्षं आधी वेगळा सूर लावला होता. २००० साली कर्नाटक राज्य विरुद्ध के. कृष्णन या प्रकरणात न्यायालय म्हणालं होतं की जंगलाच्या गुन्ह्यात वापरलेली वाहनं सर्वसाधारणपणे खटला संपेपर्यंत परत देऊ नयेत, याबाबतीत उदार धोरण टाळावं, आणि द्यायचीच झाली तर निदान बँक गॅरंटी घ्यावी. दोन्ही निकाल आजही उभे आहेत. चोरीच्या किंवा अपघाताच्या गुन्ह्यात सुंदरभाई, सागवानाच्या गुन्ह्यात कृष्णन. सरकार पक्षाला दुसरा हवा असतो, मालकाला पहिला, आणि कोणता लागू पडतो हे बहुतेक वेळा गाडी कोणत्या खात्याने पकडली यावर ठरतं.

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. गाडी सरकारजमा करण्याचा अधिकार एकट्या न्यायालयाकडे नाही. महाराष्ट्रात भारतीय वन अधिनियमाला जोडलेल्या ६१-अ आणि पुढच्या कलमांनी तो वनखात्याच्याच प्राधिकृत अधिकाऱ्याला दिला आहे. ज्या खात्याने गाडी पकडली, त्याच खात्याचा अधिकारी ती सरकारजमा करावी की नाही हे ठरवतो, आणि त्यावरचं अपील सत्र न्यायाधीशांकडे जातं. जीवनावश्यक वस्तू अधिनियमात कलम ६-अ खाली हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. १९८५ साली जी. व्ही. सुधाकर राव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वनकायद्यातली जप्तीची कारवाई आणि फौजदारी खटला या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एकीला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. कायद्याच्या तर्कात हे बसतं. मालकाच्या तर्कात बसत नाही, कारण एका दारात तो निर्दोष ठरतो आणि दुसऱ्या दारात त्याची गाडी जाते.

हा अंतर्विरोध टोकाला गेला तो मध्य प्रदेशातल्या एका ट्रकच्या बाबतीत. गोवंश कायद्याखाली जनावरांसह पकडलेल्या ट्रकच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले, तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ट्रक सरकारजमा केला आणि उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मार्च २०२२ मध्ये अब्दुल वहाब विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ज्या गुन्ह्यात कोणी दोषी नाही, त्या गुन्ह्यासाठी मालकाची मालमत्ता काढून घेणं संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ मधल्या मालमत्तेच्या हक्काला धरून नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एवढी साधी गोष्ट सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची गरज पडावी, हेच मला चिंतेचं वाटतं.

वाहन परत करण्याची जबाबदारी सरकारवर असते आणि ते परत करेपर्यंत नीट सांभाळण्याचीही असते, हे तत्त्व मात्र आपल्याकडे चांगलंच जुनं आहे. त्याची गोष्ट जुनागढपासून सुरू होते. १९४७ साली जुनागढ संस्थानाच्या जकात अधिकाऱ्यांनी एका व्यापाऱ्याचे दोन ट्रक, एक स्टेशन वॅगन आणि काही माल जप्त केला. जकात चुकवली, गाड्या चोरट्या वाहतुकीला वापरल्या, असा आरोप होता. व्यापाऱ्याने अपील केलं. ते चालू असताना गाड्या उघड्यावर पडून राहिल्या. मग पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन त्या बेवारस आहेत असं सांगितलं, विकायचा हुकूम मिळवला आणि त्या विकल्या. मालक कोण हे माहीत होतं, त्याचं अपील सुरू होतं, तरी बेवारस. पुढे अपिलात जप्ती रद्द झाली आणि गाड्या परत करायचा हुकूम झाला. परत करायला काही उरलंच नव्हतं. या काळात सरकारं बदलत गेली. जुनागढ सौराष्ट्रात गेलं, सौराष्ट्र १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं, आणि १९६० नंतर हे लचांड गुजरात राज्याच्या गळ्यात पडलं. सरकारने असा बचाव घेतला की आमच्यात आणि मालकात कसला करार नव्हता, तेव्हा गाड्या सांभाळण्याची जबाबदारीही नव्हती, आणि शिवाय विक्री दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने झाली. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या व्यापाऱ्याच्या, मेमन महोमेद हाजी हसम यांच्या, बाजूने निकाल दिला. जप्ती रद्द होण्याची शक्यता असताना गाड्यांची वाजवी काळजी घेणं आणि त्या परत करता येतील अशा ठेवणं हे सरकारचं कर्तव्य होतं, त्यासाठी कराराची गरज नाही, आणि चुकीची माहिती देऊन मिळवलेल्या विक्रीच्या हुकमाआड लपता येणार नाही. दहा वर्षांनी, १९७७ साली, बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातून मुद्देमालाचे दागिने नाहीसे झाले, तेव्हाही सरकारला त्यांची किंमत द्यायला लावलं गेलं.

म्हणजे १९६७ पासून कायदा असा आहे की ठाण्यात सडलेल्या गाडीचे पैसे सरकारकडून मागता येतात. मग मागत का नाही कोणी? कारण त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो आणि ज्याचा ट्रक गेला त्याच्याकडे वकिलाच्या फीचे पैसे उरलेले नसतात. जुनागढच्या व्यापाऱ्यालाही दाद मिळायला वीस वर्षं लागली.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि तिला सहज उडवून लावता येत नाही. गोदावरी, भीमा, गिरणा यांच्या काठच्या कोणत्याही तलाठ्याला विचारा. रात्री नदीत उतरलेला ट्रॅक्टर पकडला, सकाळी सोडला, तर पुन्हा रात्री तो नदीत असतो. वाळूच्या गाड्या अडवायला गेलेल्या तलाठ्यांवर, मंडळ अधिकाऱ्यांवर गाडी घालण्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार घडले आहेत. तिथे उभ्या असलेल्या माणसाला सुंदरभाईचा निकाल वाचून दाखवणं हा उद्धटपणा होईल. गाडी हेच इथलं हत्यार आहे. आरोपी ड्रायव्हर रोजंदारीवरचा असतो, तो बदलतो. मालक समोर येत नाही. धंद्यातली एकमेव हाती लागणारी वस्तू म्हणजे ते वाहन. ते सोडलं तर कायद्याच्या हातात काहीच राहत नाही, हा महसूल खात्याचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे.

पण या धंद्यासाठी केलेल्या कायद्याने नेमकं काय केलं, ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अवैध गौण खनिजाची वाहतूक करणारं वाहन जप्त झालं की ते जिल्हाधिकाऱ्यांपुढे किंवा निदान उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायचं. दंड भरला आणि पुन्हा असं करणार नाही असं वैयक्तिक बंधपत्र दिलं की तो अधिकारी वाहन सोडू शकतो. जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने दंडाचे आकडे ठरवले: ट्रॅक्टरला १ लाख, डंपरला २ लाख, पोकलेनसारख्या यंत्राला ७ लाख ५० हजार. आता यात कोण अडकतो? ज्याच्याकडे दहा हायवा आहेत, त्याच्यासाठी २ लाख म्हणजे टोल. तो भरतो आणि गाडी सोडवतो. त्याचा धंदा थांबत नाही. ज्याने शेतीच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतला आणि घराच्या पायासाठी एक ब्रास वाळू आणायला गेला, त्याच्याकडे १ लाख नसतात. त्याचा ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात राहतो. धंदेवाल्याला रोखण्यासाठी केलेल्या कायद्यात धंदेवाला सुटतो आणि हौशी अडकतो. शिवाय दोष ठरण्याआधी दंड भरायचा, तेव्हा गाडी परत मिळते. म्हणणं ऐकण्याचा प्रश्न दंडाच्या पावतीपाशीच संपतो.

त्यात पोलिसांनी वाळूचोरीचा वेगळा गुन्हा नोंदवला तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडेही जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली संजय यांच्या प्रकरणात खनिज कायद्याबरोबर चोरीचाही गुन्हा चालू शकतो असं ठरवल्यापासून यात कायद्याची अडचण नाही. मालकाची मात्र आहे. न्यायालय म्हणतं, महसूलचं काय ते आधी पाहा. प्रांत म्हणतात, गाडी तर पोलिसांच्या मुद्देमालात आहे. दोन्ही कचेऱ्या आपापल्या परीने बरोबर असतात आणि ट्रॅक्टर तिथेच असतो.

तेव्हा कठोरपणाला माझा विरोध नाही. तो चुकीच्या जागी लावला आहे, एवढंच. सराईत धंदेवाल्याची गाडी कायमची गेली पाहिजे आणि ती लवकर गेली पाहिजे. खनिज कायद्यात, म्हणजे १९५७ च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम २१ मध्ये, न्यायालयाच्या हुकमाने वाहन सरकारजमा करण्याची तरतूद आहे. दुसऱ्यांदा पकडलेल्या वाहनावर तीच वापरावी, मालकाला नोटीस द्यावी आणि महिन्या-दोन महिन्यांत निकाल लावावा. दंड घेऊन सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी कडक आहे. ते होत नाही, कारण दंडातून महसूल जमा होतो आणि उद्दिष्ट पूर्ण होतं, तर खटल्यातून फक्त तारखा निघतात.

मालकाला माहीत होतं का, हा या सगळ्यातला मध्यवर्ती प्रश्न. ट्रक मालकाचा, चालवणारा पगारी ड्रायव्हर, माल तिसऱ्याचा, आणि मध्येच चढवलेला एक प्रवासी. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कायदा वेगळं देतो. अंमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६० मालकाने, त्याच्या एजंटने आणि गाडी ताब्यात असलेल्याने, तिघांनीही वाजवी खबरदारी घेतली होती हे मालकाला सिद्ध करायला लावतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्यामानाने सौम्य आहे. मालकाने योग्य ती काळजी घेतली होती असं न्यायालयाला पटलं तर वाहन सरकारजमा करायचंच नाही, आणि एरवीही न्यायालय त्याऐवजी दंडाचा पर्याय देऊ शकतं, असं कलम ९९ सांगतं. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर ज्यांच्या गाडीतून बाटल्या निघतात, त्यांच्यापैकी अनेकांना हे कलम माहीत नसतं. गंमत अशी की हाच कायदा गुजरातनेही मुंबई राज्यातून वारशात घेतला, आणि तिथे दुरुस्ती करून असं ठरवलं की दारू ठराविक मर्यादेहून जास्त असेल तर वाहन अंतिम निकालापर्यंत जामिनावर सोडायचंच नाही. एकाच कायद्याची दोन भावंडं, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे गाडीचं नशीब वेगळं.

जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर मला पटणारी मांडणी केली. कर्जावर घेतलेल्या एका ट्रकमधल्या प्रवाशाकडे साबणाच्या डब्यांतून हेरॉईन सापडलं होतं. ट्रकमालक आरोपी नव्हता. अंमली पदार्थांच्या खटल्यातही वाहन तात्पुरतं परत देण्यास कायद्यात बंदी नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि प्रकरणांचे प्रकार पाडले. माल मालकाकडे किंवा त्याच्या माणसाकडे सापडला तर गाडी साधारणतः सोडू नये. गाडी चोरून नेलेली असेल, किंवा मालकाला न कळता एखाद्या प्रवाशाने माल आणला असेल, तर साधारणतः सोडावी. खासगी विमानातल्या एखाद्या प्रवाशाने असा माल नेला तर खटला संपेपर्यंत विमान उभं करून ठेवणार का, असा प्रश्नही न्यायालयाने विचारला. त्याआधी २००८ साली मधुकर राव यांच्या प्रकरणात वन्यजीव कायद्याबाबतही हेच झालं होतं. गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारची मालमत्ता होते हे खरं, पण नुसत्या आरोपाने नाही, गुन्हा सिद्ध झाल्यावर.

वस्तूलाच गुन्हेगार मानण्याची ही सवय आपली एकट्याची नाही. इंग्लंडमध्ये एखाद्याच्या मृत्यूला कारण झालेली गाडी किंवा बैल राजाकडे जमा करण्याची प्रथा होती, तिला ‘डिओडँड’ म्हणत. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंगजवळ रेल्वेचा अपघात झाला तेव्हा ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला. रेल्वे कंपन्या हादरल्या आणि १८४६ मध्ये पार्लमेंटने ही प्रथाच रद्द केली. तोवर शतकानुशतकं गरिबांच्या बैलगाड्या जमा होत होत्या, तेव्हा कोणाला हा कायदा खटकला नव्हता. अमेरिकेत हा विचार आजही जिवंत आहे. २०१९ मध्ये इंडियाना राज्यातल्या एका माणसाच्या ४२ हजार डॉलरच्या गाडीचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्या गुन्ह्याला कमाल दंड १० हजार डॉलरचा होता. अवाजवी दंडाला संविधानाने केलेली मनाई राज्यांनाही बांधते, असं न्यायालयाने ठरवलं. गुन्ह्याच्या मानाने गाडीची किंमत मोजायची, हा विचार आपल्याकडेही आहे, फक्त मोजक्या कायद्यांत. जीवनावश्यक वस्तू कायद्यात भाड्याने माल वाहणाऱ्या वाहनाच्या मालकाला जप्तीऐवजी दंड भरायचा पर्याय मिळतो, आणि तो दंड मालाच्या बाजारभावाहून जास्त असू शकत नाही. सीमाशुल्क कायद्यातही तसंच. पाच पोती धान्यासाठी दहा लाखांचा ट्रक जाऊ नये, एवढं शहाणपण त्यात आहे. ते वाळूच्या आणि लाकडाच्या कायद्यांत का आणू नये, याचं कारण मला सापडलेलं नाही.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली. कलम ४९७ प्रमाणे मालमत्ता न्यायालयासमोर आल्यापासून १४ दिवसांत तिचं विवरण तयार करायचं, तिची छायाचित्रं आणि गरज असेल तर चित्रफीत घ्यायची, आणि विवरणानंतर ३० दिवसांत ती परत द्यायची, विल्हेवाट लावायची की सरकारजमा करायची याचा हुकूम करायचा. ती छायाचित्रं पुरावा म्हणून चालतील, हेही लिहिलं आहे. २००२ मध्ये जे निकालात होतं, ते आता कायद्यात आलं. पण घड्याळ सुरू होतं ते मालमत्ता न्यायालयासमोर हजर झाल्यावर. ट्रक कोण चालवत कोर्टात नेणार? तो ठाण्यातच राहतो, कागदावरचा मुद्देमाल दोषारोपपत्राबरोबर येतो, आणि दोषारोपपत्र यायला महिने जातात. म्हणजे ज्या पंधरा दिवस ते महिन्याबद्दल सर्वोच्च न्यायालय बोललं, तो काळ उलटून गेल्यावर कायद्याचं घड्याळ चालू होणार. जप्तीच्या अहवालाची तारीख हीच हजर करण्याची तारीख मानली पाहिजे. उच्च न्यायालयाला हे एका परिपत्रकाने सांगता येईल.

आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे जुनी गाडी अनेकदा नाव न बदलता, नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन हातोहात विकली जाते. गाडी जप्त झाल्यावर न्यायालय नोंदणीकृत मालकाला पाहतं. तो तीन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला असतो, त्याला कोर्टाची पायरी चढायची नसते. ज्याने रोख पैसे मोजले त्याच्याकडे आरसी नाही. फायनान्स कंपनीचा बोजा तर तिसऱ्याच्याच नावावर. अशा गाड्या कोणीच मागत नाही आणि मग त्या खरोखरच बेवारस होतात. यांच्यासाठी सुंदरभाईतच उपाय आहे: कोणी मागायला आलं नाही तर लिलाव, आणि त्याचा हुकूम सहा महिन्यांच्या आत. तो करायला मुद्देमाल कारकून, आरटीओचा मूल्यांकन अहवाल आणि न्यायालयाचा हुकूम, तिन्ही एकाच महिन्यात जमावे लागतात. लिलावाची रक्कम खटला संपेपर्यंत न्यायालयात ठेवता येते आणि ज्याचं ठरेल त्याला व्याजासह देता येते. मालकानेही अर्ज करून हाच पर्याय मागितला तर न्यायालयाने नाही म्हणायचं कारण नाही.

आणि जिथे गाडी महिन्याच्या आत सोडली गेली नाही, तिथे हुकमात कारण लिहिलं पाहिजे, ठरलेला से नव्हे, त्या गाडीचं कारण. त्यानंतर मालक निर्दोष ठरला, किंवा तो आरोपीच नव्हता असं निघालं, तर मुद्देमालाच्या अंतिम हुकमातच घसाऱ्याची भरपाई ठरवावी, नवा दावा लावायला न लावता. जप्तीच्या दिवसाच्या मूल्यांकनातून परतीच्या दिवसाचं मूल्यांकन वजा करायचं, ३१ व्या दिवसापासून. ती रक्कम गृह खात्याने द्यायची की महसूल खात्याने, की वनखात्याने, हा वाद सरकारने आपापसात मिटवावा. मालकाचा त्याच्याशी संबंध नाही.